लेकरू वर्गात बोलत नाही, काय करावं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

जूनमध्ये शाळा उघडल्या की या सदराकडं येणारी पत्रं बदलतात. उन्हाळाभर ऊन लागणं, जुलाब, ताप असं चालतं आणि शाळा सुरू होऊन महिना झाला की "बाई म्हणतात हा बोलतच नाही", "वाचताना अडकतो", "हिचं बोलणं कुणाला कळत नाही" अशी पत्रं यायला लागतात. मी स्पीच थेरपिस्ट म्हणून मराठवाड्यातच काम करते आणि मला मनापासून वाटतं की यातलं बरंचसं काम घरी आणि वर्गातच होण्यासारखं आहे, त्यासाठी प्रत्येकाला पुण्या-मुंबईला पळावं लागत नाही, फक्त कुठं जायचं, काय मागायचं आणि लेकरासमोर आपण मोठ्यांनी कसं वागायचं हे माहीत पाहिजे. मोठी पत्रं थोडी छोटी केलीत, नावं कुणाचीच दिली नाहीत.

प्रश्न: मॅडम नमस्कार. माझा मुलगा दुसरीला आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. चार वर्षांचा होता तेव्हापासून बोलताना अडकतो. आधी म-म-म-मला असं व्हायचं, आता तोंड उघडं राहतं पण आवाजच निघत नाही, डोळे मिटतो, मांडीवर हात मारतो मग कुठं शब्द बाहेर येतो. हजेरीला तर रोजच. पोरं हसतात. आता सकाळी पोट दुखतं म्हणतो, शाळेत जायचं नाही म्हणतो. सासूबाई म्हणतात लहानपणी कुत्र्याला भ्यालं म्हणून झालं. मालक म्हणतात मामावर गेलंय, माझा भाऊ पण अडखळतो. औषध आहे का यावर?
(एक आई, केज तालुका, जि. बीड)

उत्तर: ताई, आधी औषधाचं सांगून टाकते. तोतरेपणावर गोळी-सिरप काही नाही आणि ठरावीक दिवसांत शंभर टक्के गॅरंटी असं कुणी मोबाईलवर दाखवत असेल तर तिथं पैसे घालू नका. कुत्र्याला भिऊनही हे होत नाही. बोलताना जीभ, ओठ, श्वास आणि आवाज यांचा मेंदूकडून जो ताळमेळ बसावा लागतो तो काही लेकरांत सहज बसत नाही आणि हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं, म्हणून मालक मामाचं म्हणतात त्यात तथ्य आहे. पण त्यावरून माहेरचा दोष असं घरात कुणी काढू नये, यात कुणी कुणाचं वाईट केलेलं नाही.

दोन ते पाच वर्षांच्या वयात पुष्कळ लेकरं अडखळतात आणि साधारण चारातल्या तिघांचं आपोआप जातं, त्यामुळं तेव्हा कुणी "थांबा, जाईल" म्हणलं असेल तर ते अगदीच चूक नव्हतं. पण तुमच्या मुलाचं तीन वर्षं टिकलंय, मुलांमध्ये हे मुलींपेक्षा जास्त टिकतं आणि मामालाही आहे, म्हणजे आता वाट बघण्यात अर्थ नाही. डोळे मिटणं, मांडीवर हात मारणं ही सगळी शब्द ढकलून बाहेर काढायची धडपड आहे. त्यावरून त्याला टोकू नका, नाहीतर त्याला अजून एक गोष्ट लपवायची होऊन बसते.

घरी "हळू बोल", "श्वास घे", "परत म्हण" हे तिन्ही बंद करा. प्रेमापोटीच म्हणतो आपण, पण लेकराला त्यातून एवढंच कळतं की माझं बोलणं चुकतंय. तो अडकला की थांबा, घाई नसल्यासारखं त्याच्याकडं बघा, त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका, आणि तो काय सांगतोय त्याला उत्तर द्या, कसं सांगतोय याकडं लक्ष नको. तुम्ही स्वतः थोडं सावकाश बोला. शाळेतून आल्या आल्या डबा खाल्ला का, बाई काय म्हणल्या, दप्तर कुठं टाकलं असं एका दमात विचारतो ना आपण, ते सोडा. संध्याकाळी भाकरी थापताना दहा मिनिटं शेजारी बसवायचं, मोबाईल बाजूला, दुसरं भावंड मध्ये नाही, आणि फक्त त्याचं ऐकायचं. एवढं रोज झालं तरी लेकरू मोकळं व्हायला लागतं.

आता बाईंसाठी, हा अंक त्यांना नेऊन दाखवा. तोतऱ्या लेकराला हजेरी ही दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट असते. "हजर बाई" हा शब्द ठरलेला, तो बदलून दुसरा सोपा शब्द घेता येत नाही, वेळ ठरलेली, सगळा वर्ग ऐकतोय, आणि आपला नंबर जवळ येईपर्यंत आवळून बसायचं. सकाळचं पोट दुखणं बहुतेक इथूनच येतं, ते नाटक नसतं. बाई, सगळ्या वर्गाचीच हजेरी काही दिवस हात वर करून घ्या, म्हणजे तो एकटा वेगळा पडत नाही. परिपाठातून त्याला वगळू नका पण सुविचार वाचायला एकट्याला उभं पण करू नका, जोडीला मित्र द्या. दोघांनी एका सुरात वाचलं की अडखळणं जवळजवळ गायब होतं, कविता चालीवर म्हणतानाही होतं, वर्गाला पहिल्यांदाच कळतं की अरे याला तर सगळं वाचता येतं. आणि मुख्य म्हणजे त्याला आधी एकटं बोलवून विचारा की तुला वाचायला बोलवू का, कधी बोलवू, कुणासोबत वाचशील. सात वर्षांचं लेकरू बरोबर सांगतं.

निपुण भारत, म्हणजे लहान वर्गांतल्या लेकरांना वाचन-गणित पक्कं यावं यासाठीचं सरकारी अभियान, त्यातल्या वाचन चाचणीचं पण सांगते, कारण यावरून मला फार राग येतो. दुसरीच्या लेकराने मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचावेत असं बघतात. तोतऱ्या लेकराच्या बाबतीत तो आकडा त्याच्या अडखळण्याचा असतो, वाचनाचा नाही, आणि तेवढ्यावरून त्याला मागं पडलेल्या गटात टाकणं हा सरळसरळ अन्याय आहे. त्याला मनात वाचू द्या आणि मग प्रश्न विचारा, चित्रावर बोट ठेवू द्या, लिहून दाखवू द्या.

पोरं हसतात त्याचं. वर्गाला एकदा नीट समजावून सांगावं लागतं की काही जणांना शब्द काढायला वेळ लागतो आणि आपण तेवढं थांबायचं, पण हे मुलाला विचारूनच करा, काहींना आपल्यावर सगळ्या वर्गात बोललेलं आवडत नाही. आणि हे तुमच्या बाईंबद्दल नाही, सगळ्यांसाठी सांगते: कुठं शिक्षकच नक्कल करत असतील तर शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 मध्ये मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला मनाई आहे, मुख्याध्यापकांकडं आणि नाही ऐकलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी द्या.

थेरपीसाठी तुम्हाला अंबाजोगाई जवळ पडतं, तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात आधी चौकशी करा की स्पीच थेरपी कोणत्या दिवशी असते. बीडला जिल्हा रुग्णालयातही विचारा. दर आठवड्याला जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवरूनही थेरपी होते आणि तोतरेपणासाठी ती चांगली चालते. फक्त थेरपिस्टची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का एवढं विचारून घ्या, विचारायला लाजू नका.

प्रश्न: मी किनवट तालुक्यात तांड्यावरच्या शाळेत शिक्षक आहे, मूळचा लातूरकडचा. पहिलीतली सगळी लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. वर्गात काही विचारलं की गप्प, फार तर एक शब्द. मैदानावर मात्र दणक्यात बोलतात. एक मुलगा तेवढा मैदानावरही फारसा बोलत नाही. या मुलांना वाचादोष आहे म्हणून रिपोर्ट करावं का? आणि पालकांना घरी मराठी बोला असं सांगू का?
(एक शिक्षक, जि. नांदेड)

उत्तर: सर, तुम्ही मैदानावर बघितलंत यातच तुमचं अर्धं उत्तर आहे. मैदानावर दणक्यात बोलणाऱ्या लेकरांना वाचादोष नाही, त्यांना तुमची भाषा अजून आलेली नाही. नवीन भाषेत पडलेलं लेकरू सुरुवातीला काही महिने नुसतं ऐकतं, हा काळ सगळीकडं दिसतो, आपलं मराठी लेकरू उद्या इंग्रजी शाळेत टाकलं तरी असंच करतं. त्यांना वाचादोषाच्या यादीत घालू नका.

आणि घरी मराठी बोला असं तर बिलकुल सांगू नका. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून कुठल्याच लेकराचं बोलणं बिघडत नाही. उलट याडीला, म्हणजे आईला, जी भाषा नीट येते, जिच्यात ती गोष्ट सांगते, रागावते, लाड करते, ती बंद करून तुटक्या मराठीत "ये, बस, खा" एवढंच बोलायला लावलं तर लेकराच्या घरातली भाषाच आटते, मग त्याला मराठी कशावर बांधणार? नवीन शैक्षणिक धोरण 2020 सुद्धा पाचवीपर्यंत तरी घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हणतं.

वर्गात काय करता येईल ते सांगते. रोजच्या वापरातले पन्नासएक गोरमाटी शब्द तुम्ही शिका आणि ते लेकरांकडूनच शिका, सर चुकतात आणि आपण सरांना सुधरवतो म्हणलं की गप्प बसणारी पोरं पण तोंड उघडतात. चित्र दाखवून आधी गोरमाटीत बोलू द्या, चौथी-पाचवीतली एखादी मुलगी बसवा ती मराठीत सांगेल, मग तेच वाक्य सगळ्यांनी मराठीत. श्रावणात तांड्यावर तीज असते, मुली टोपल्यात गहू पेरून रोज पाणी घालतात, तो विषय वर्गात घ्या, ज्या गोष्टीचं लेकराला सगळं माहीत आहे त्यावर ते तुटक्या मराठीत पण बोलतं. पुस्तकातल्या रेल्वे स्टेशनवर कसं बोलणार. चुकीचं मराठी बोललं तर थांबवू नका, तेच वाक्य तुम्ही बरोबर करून परत म्हणा आणि पुढं जा. दखनी बोलणाऱ्या घरातलं लेकरू "माझी पुस्तक" म्हणतं कारण त्याच्या घरी किताब स्त्रीलिंगी असते, हा दोष थोडाच आहे.

आता तो एक मुलगा. त्याच्यासाठी मात्र तुम्ही खरंच पाऊल उचला. त्याच्या घरी जा, तांड्यातलंच कुणी सोबत घ्या, आणि आईला विचारा की घरी गोरमाटीत पूर्ण वाक्य बोलतो का, दिवसभरात काय झालं ते सांगतो का, भावंडं या वयात कशी बोलायची, बाहेरच्या माणसाला याचं कळतं का, मागून हाक मारली तर वळतो का, तापात झटके आले होते का. गोरमाटीतही तो मागं असेल तर मग तो भाषेचा किंवा ऐकण्याचा खरा प्रॉब्लेम आहे. घरी भरपूर बोलतो आणि शाळेत कुणाशीच नाही असं निघालं तर ती वेगळी गोष्ट, काही लेकरांचं भीतीनं शाळेत तोंडच उघडत नाही, तिथं "बोल बोल" करून मागं लागलं की जास्त घट्ट होतं, आधी एका मित्राशी कुजबुजू द्या, मान हलवून उत्तर चालेल म्हणा. तपासणीसाठी गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवा. त्यांच्याकडं शाळा इतक्या असतात की आठवड्याला येणं त्यांना जमणार नाही, म्हणून ते आले की वर्गात तुम्ही रोज काय करायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते, त्या दिवशी हा मुलगा हजर राहील एवढं बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं लेकरू नेमकं तेव्हाच कारखान्यावर असतं आणि वर्षानुवर्षं तपासणीतून सुटतं, असं मी फार बघते.

प्रश्न: नातू अडीच वर्षांचा झालाय, मम आणि बा एवढंच बोलतो. वेखंड उगाळून चाटवते, पोपटाचा उष्टा पेरू पण खाऊ घातला. शेजारीण म्हणते जीभ खाली चिकटलीय, कापून घ्या. याचा बाप पण तीन वर्षांनी बोलला होता.
(एक आजी, परळी)

उत्तर: आजी, वेखंड बंद करा, जास्त गेलं तर लेकराला उलट्या होतात आणि बोलण्याला त्याचा काही उपयोग नाही. पेरू खाऊ द्या, पण धुतलेला, उष्टा नको. जीभ चिकटलेली असली तर दूध ओढायला किंवा एखाद-दुसऱ्या अक्षराला त्रास होतो, त्यामुळं लेकरू शब्दच बोलत नाही असं होत नाही, म्हणून डॉक्टरने बघितल्याशिवाय कापाकापी नको.

बाप उशिरा बोलला म्हणून थांबू नका. दोन वर्षांचं लेकरू "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडतं, अडीच वर्षांत दोनच शब्द म्हणजे आधी कान तपासा, याच महिन्यात. आणि नातवाच्या हातातला मोबाईल काढा, जागतिक आरोग्य संघटना दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको म्हणते आणि त्याहून लहानाला तर नकोच. त्याऐवजी तुम्ही बोला आजी. शेंगा फोडताना, कोंबडीला दाणे टाकताना जे करताय ते त्याला सांगत राहा आणि सांगून झालं की थोडं थांबा, त्याच्याकडून हूं, बोट, आवाज काहीही येऊ द्या. तुमच्याएवढा वेळ घरात दुसऱ्या कुणाकडं नाही.

प्रश्न: मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. बोलते भरपूर पण त-ट, स-श सगळं एकच, बाहेरच्याला निम्मंच कळतं. सर म्हणतात लक्ष देत नाही. टीव्ही मोठा लावते. सतत सर्दी असते, मध्ये मध्ये कान वाहतो, रात्री तोंड उघडं ठेवून घोरते. कानात लसणाचं तेल टाकतो आम्ही. स्पीच थेरपी लावावी का?
(एक वडील, जालना)

उत्तर: दादा, थेरपीच्या आधी कान. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला कानाच्या पडद्यामागं पाणी साठत असावं अशी शंका येते. अशा लेकराला काहीच ऐकू येत नाही असं नसतं, कधी येतं कधी येत नाही, सर्दी वाढली की कमी येतं, म्हणून सगळ्यांना वाटतं की मनाचं आहे, मनात आलं की ऐकते. स, श, त हे आवाज हळू असतात, ते तिच्यापर्यंत नीट पोचलेच नसतील तर ती ते बोलणार कुठून. तेल आजपासून बंद, पडद्याला भोक असेल तर तेल आत जातं आणि त्रास वाढतो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा आणि तिथं ऑडिओमेट्री आणि इम्पिडन्स अशा दोन तपासण्या सांगतील. सहा वर्षांच्या मुलीला हेडफोन लावतात आणि आवाज आला की डब्यात मणी टाक म्हणतात, खेळच असतो. इम्पिडन्समध्ये कानात छोटं बोंडूक लावून मिनिटभरात पडद्यामागं पाणी आहे का ते कळतं, दुखत नाही. झोपवून करायची बेरा टेस्ट ही लहान किंवा सहकार्य न करणाऱ्या लेकरांसाठी असते. घोरणं आहे म्हणजे नाकामागची गाठ, अडिनॉइड, ती पण बघायला सांगा. पाणी बऱ्याचदा औषधानं किंवा वेळेनं जातं, नाही गेलं तर छोटं ऑपरेशन असतं, आणि ऐकू यायला लागल्यावर उच्चार राहिले तर मग थेरपी.

सरांना तोवर एवढंच सांगा की तिला पहिल्या रांगेत बसवा, फळ्याकडं तोंड करून बोलू नका, आणि पत्र्याच्या वर्गात पाऊस वाजत असेल तेव्हा सांगितलेलं तिला कळलंच नाही असं धरून परत सांगा.

प्रश्न: मुलाचा टाळू जन्मतः फाटलेला होता, एक वर्षाचा असताना ऑपरेशन झालं. आता चौथीत आहे, नाकातून बोलतो, पोरं गेंगाण्या म्हणतात. कुणी म्हणतं फुगे फुगवायला द्या. शाळेतून दिव्यांग कार्ड काढा म्हणतात पण आमच्या घरात भीती आहे की कायमचा शिक्का बसेल.
(आई-वडील, निलंगा)

उत्तर: फुगे, शिट्ट्या, मेणबत्ती विझवणं यानं बोलणं सुधारत नाही, फुंकताना टाळू जसा हलतो तसा बोलताना हलत नाही. टाळू शिवला तरी काही मुलांत बोलताना तो मागं पुरता टेकत नाही आणि हवा नाकात निसटते. तेव्हा आधी टाळूच्या डॉक्टरने आणि स्पीच थेरपिस्टने सोबत बघून ठरवावं लागतं की दुसरं ऑपरेशन लागेल की नुसती थेरपी. हे ठरवल्याशिवाय वर्षभर घरी व्यायाम करत बसलात तर मुलगाच थकतो आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. फाटलेला टाळू बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे, जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत बघतात, त्यासाठी कुठलंही कार्ड लागत नाही.

आता कार्ड. थेरपी सुरू करायला ते लागत नाही, म्हणून कार्डाच्या वादात थेरपी थांबवू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकार आहेत आणि त्यात वाचा-भाषेचं दिव्यांगत्व वेगळं धरलंय. मेडिकल बोर्डाने 40 टक्के किंवा जास्त लिहिलं तर 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क, पुढं परीक्षेतल्या सवलती, शिष्यवृत्ती असं बरंच मिळतं. शिक्क्याची भीती मला समजते, लग्नापर्यंतचा विचार घरात होतो, पण गेंगाण्या हा शिक्का पोरांनी आधीच मारलाय आणि त्याचा मुलाला काडीचा फायदा नाही. माझं मत विचाराल तर अर्ज करा, अर्ज ऑनलाईन स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि पुढं तपासणीला रुग्णालयात बोलवतात. कार्ड मिळालं तरी ते कुठं दाखवायचं आणि कुठं नाही हे तुमच्या हातात राहतं, आणि चौथीतल्या मुलाला पण विचारात घ्या, तो काय म्हणतो बघा.

जाताना जुन्या ऑपरेशनचे कागद, डिस्चार्ज कार्ड, कानाची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट सोबत ठेवा, नसेल झाली तर तिथंच करून घ्या कारण फाटलेल्या टाळूच्या मुलांना कानात पाणी साठायचा त्रास फार असतो. आणि घरी तो भावंडांशी खेळताना बोलतो तेव्हा मिनिट-दोन मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. डॉक्टरसमोर बसवलं की लेकरं हमखास गप्प बसतात, मग तपासणारा दोन शब्दांवर अंदाज बांधतो.